गुरुजींना धूर वर्ज्य

गुरुजी कुणाच्या घरी गेले की मांडलेल्या खुर्चीवर कधी सरळ जाऊन बसले नाहीत. आधी उंबऱ्यात थांबायचे, नाक जरासं वर करायचे, मग खुर्ची उचलून खिडकीखाली न्यायचे. बसतात न बसतात तोच आत कढईत मोहरी तडतडली, की पुन्हा उठून खुर्चीसकट अंगणात. यजमान चहाचा कप घेऊन त्यांच्या मागून फिरत राहायचा. त्यांच्या घरी मी भाड्याने राहिले त्या सगळ्या वर्षांत हा माणूस एका जागी निवांत बसलेला मला आठवतच नाही. त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे माझाच जीव खालीवर व्हायचा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी चंदगडकडची. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली आणि मामाच्या ओळखीने उचगावात गुरुजींच्या घरातली माडीवरची खोली मिळाली. गुरुजी स्वतः एमआयडीसीतच एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. ते बौद्धाचार्य होते. आमच्या समाजातलं लग्न, नामकरण, घरभरणी, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, उचगावात काय आणि आसपासच्या गावांत काय, गुरुजींशिवाय व्हायचं नाही. पांढरा सदरा, पांढरी पँट, सायकल. आणि आवाज असा की ते त्रिसरण म्हणायला लागले की मंडपातली रडकी पोरंसुद्धा गप्प होऊन बघत राहायची. लोक लग्नाची तारीख आधी गुरुजींना विचारायचे, मग पाहुण्यांना.

मी ट्रंक घेऊन जिना चढले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला पकडलं. वर पोचेपर्यंत माझी छाती वाजायला लागली होती. गुरुजी मागून माझी वळकटी घेऊन येत होते. थांबले, कान दिला आणि म्हणाले, "कधीपासनं हाय?"

मी म्हटलं, सर्दी आहे. आईने तसंच पढवून पाठवलं होतं. लग्न व्हायच्या पोरीला दमा आहे म्हटलं की स्थळं जिन्यातूनच परत जातात, असं तिचं म्हणणं. गुरुजी हसले. खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली. आत चष्मा नव्हताच, दम्याचा निळा पंप होता.

"माझी बी सर्दीच हाय," म्हणाले. "तुझं मी कुणाला सांगणार न्हाय. माझं तू सांगायचं न्हाय."

भाडं ठरायच्या आधी आमचं हे ठरलं.

त्या घरात मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला, हे मात्र खरं. चंदगडला पावसाळा म्हणजे चार महिने गोधडी वाळत नाही, भिंतीला बुरशी, घरात ओल्या लाकडाचा धूर. इथे गुरुजींनी घराची पार झडती घेऊन ठेवली होती. गाद्या आठवड्याला उन्हात. झाडू मारायचा तो फरशीवर पाणी शिंपडून. डासांची कॉइल नाही, मच्छरदाणी. काकी, म्हणजे गुरुजींची बायको, फोडणी द्यायच्या त्या मागच्या अंगणातल्या वेगळ्या स्टोव्हवर, आणि तीही वारा कुठला आहे ते बघून. वारा बघण्यासाठी गुरुजींनी दोरीवर एक जुना रुमाल कायमचा टांगला होता. तो फिरला की त्यांचा पलंग फिरायचा. काकी म्हणायच्या, लग्न करून आले तेव्हापासून उशाला कुठली भिंत येईल ते मला झोपेपर्यंत ठाऊक नसतं.

घरात उदबत्ती नव्हती. बुद्धांच्या मूर्तीपुढे नुसती मेणबत्ती. मला पहिल्या दिवशी नवल वाटलं, कारण आमच्या गावच्या विहारात मी जन्मापासून मेणबत्ती आणि उदबत्ती दोन्ही बघत आले होते. मी काकींना विचारलं, तर त्यांनी वरमून भाजी निवडायला घेतली. उत्तर मला पुढच्या रविवारी एका लग्नात मिळालं. मुलीच्या चुलत्याने हौसेने उदबत्त्यांचा जुडगा पेटवला होता. गुरुजी मंडपाच्या तोंडाशीच थांबले, हात वर केला आणि सभेत बोलतात तशा शुद्ध भाषेत म्हणाले, की होमहवन, धूप, कर्मकांड हे सगळं आपण मागे टाकून आलो, तो धूर पुन्हा बरोबर कशाला आणायचा? धम्मात प्रकाश आहे, धूर नाही.

लोकांना ते इतकं पटलं की चुलत्याने उदबत्त्या स्वतः नेऊन बादलीत बुडवल्या. मी बायकांच्यात बसले होते. मला हसू दाबता येईना. किती देखणी थाप मारली होती माणसाने.

मग मला हळूहळू सगळंच दिसायला लागलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजी मंडप बघायला जायचे. लोकांना वाटायचं, काय ही तळमळ. ते बघायचे आचाऱ्याची चूल वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे ते. फटाके नकोत, कारण ती हिंसा. निशिगंधाचे हार नकोत, अत्तर नको, कारण तो मोह. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा रंग उधळायचा नाही, कारण ती उधळपट्टी, त्यापेक्षा निळे झेंडे वाढवा. मिरवणुकीत ते स्वतः सगळ्यांच्या पुढे चालायचे, कारण मागे धुरळा. लोक म्हणायचे, नेतृत्व असावं तर असं. लग्नात जेवायला थांबायचे नाहीत, म्हणून निर्लोभी. भाषण छोटं करायचे, म्हणून विचारवंत. एका जागी न बसता मंडपभर फिरायचे, म्हणून सगळ्यांत मिसळणारे. त्यांच्या अंगी लोकांना दिसलेला एकेक गुण त्यांच्या छातीने त्यांना लावला होता, आणि हे काकींना आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

चैत्र-वैशाखात गल्लीत वर्षाची चटणी करायची धांदल उडायची. घरोघरी मिरच्या भाजतायत, मसाला तळला जातोय, डंखाच्या यंत्रावर कांडप चाललंय, आणि माणसं ठसकत ठसकत हसतायत. त्या दिवसांत गुरुजी सायकलवर टांग मारून धम्मप्रचाराला निघायचे. थंडीत उसाची पाचट पेटायला लागली, गुऱ्हाळं सुरू झाली, की पुन्हा प्रचार, पण उलट्या दिशेच्या गावांना. आमच्या गुरुजींचा धम्म वारा बघून पसरायचा. मी हे एकदा त्यांना म्हटलंसुद्धा. रागावले नाहीत. म्हणाले, "पसरला का न्हाय पण?"

औषधाच्या बाबतीत मात्र त्यांनी मला वात आणला. राजारामपुरीत आमचे एक डॉक्टर होते. गुरुजी मला तिथे 'घेऊन' जायचे. बाहेर बाकावर ओळखीचं कुणी दिसलं, की लगेच, हिचं नाक वाहतंय, दाखवायला आणलीय. मग आत गेल्यावर आधी स्वतः सदरा वर करायचे. डॉक्टरांनी दोघांनाही दोन पंप दिले होते. निळा लागेल तेव्हा, आणि तपकिरी रोज, बरं वाटत असलं तरी रोज. मी तपकिरी घ्यायला लागले, त्यानंतर चुळा भरायला शिकले, आणि दोन-तीन महिन्यांत जिना न थांबता चढायला लागले. गुरुजींनी तपकिरी पंप कपाटात ठेवून दिला. म्हणायचे, रोज औषध घेतो तो रोगी. आपल्याला तर फक्त कधीकधी होतं. हे कधीकधी दिवसातून कितीदा व्हायचं ते मला माहीत होतं. लग्नाच्या आधी पाय धुवायला म्हणून नळावर जायचे, तिथे भिंतीकडे तोंड करून निळा पंप ओढायचे आणि मिशी पुसत परत यायचे. डॉक्टर चिडायचे, मी चिडायचे, काकी रडायच्या. हा माणूस आमचं ऐकत असताना दारातून बाहेर बघत उभा.

अशी बरीच वर्षं गेली. माझी दोन स्थळं आली आणि गेली, त्यात दम्याचा काही दोष नव्हता. फाउंड्रीने गुरुजींना निवृत्त केलं. आणि मधल्या काळात त्यांची ती थाप मोठी झाली.

गल्लीतल्या तरुण मंडळाच्या पोरांनी ती पार मनावर घेतली होती. गुरुजी म्हणाले धम्मात धूर नाही, म्हणजे नाही. आधी ती पोरं दुसऱ्या गावच्या लग्नांत जाऊन उदबत्त्या विझवायला लागली. तिथल्या लोकांशी वाद झाले, एकदा मारामारी होता होता राहिली. गुरुजींनी ऐकलं आणि विषय बदलला. मग पोरं घरांत शिरली.

आमच्या समोरच आक्का राहायची. एकटी. बाजारात भाजी विकायची, तोंडाने फटकळ. तिचा एकुलता एक मुलगा हायवेवर ट्रकखाली गेला होता. संध्याकाळी भाजीची पाटी उतरवली, हातपाय धुतले, की ती बुद्धांच्या आणि पोराच्या फोटोपुढे मोगऱ्याची एक उदबत्ती लावायची. त्या वासाची त्याला आवड होती म्हणे. तिच्या एका उदबत्तीचा गुरुजींना काही त्रास नव्हता, आणि त्यांनी तिला कधी एका शब्दाने टोकलंही नव्हतं. पण पोरांनी तिच्या घरात जाऊन उदबत्ती चिमटीने विझवली आणि पुडा उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी आक्का आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटतोय. पण तिचा आवाज खाली होता. तो तसा खाली आलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"गुरुजी, एक इचारू? पोरं म्हणत्यात, धूर केला की मेल्याल्या माणसाचं पुण्य जळतंय. माझ्या उदबत्तीनं माझ्या पोराला तिकडं काय तरास झाला आसंल का?"

गुरुजी बसले होते ते उठले. रुमालाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. म्हणाले, "बघतो. सांगतो तुम्हाला." आणि सायकल काढून चालते झाले. आक्का घरी गेली. पदर तोंडाला लावून गेली.

मला इतका संताप आला होता की मी त्या दिवशी कामावरच गेले नाही. अंगणात त्यांची वाट बघत बसले. ते परत आले तेव्हा घामाने निथळत होते. मी उठून सरळ म्हटलं, गुरुजी, ती म्हातारी आपण पोराला छळलं म्हणून झुरतेय, आणि का, तर तुम्हाला दमा आहे म्हणून. जाऊन सांगा तिला. त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. काकी दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

गुरुजी सायकलला टेकले. धाप ओसरू दिली. मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वडील गावात पाटलाच्या मळ्यावर कामाला होते. तिथे त्यांचा कप वेगळा, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यात नवल काही नव्हतं. पुढे धम्म घेतला, मळा सोडला, तो कप सुटला. आणि मग वडिलांना दमा लागला. रात्रंदिवस खोकायचे. लोकांना वाटलं, क्षय. तेव्हा आपल्याच माणसांनी, आपल्याच गल्लीत, चुलत्याच्या घरी त्यांचा कप वेगळा केला.

"पाटलाच्या कपाला आमचा म्हातारा कधी रडला न्हाय," गुरुजी म्हणाले. "ह्या कपाला रडला. मी लहान हुतो. मला दिसलं ते. दमेकऱ्याला कोण लगीन लावाय बोलवंल सांग. बोलावलं तर पाणी कशातनं देतील?"

माझा राग गेला नाही. पण मी वर निघून गेले.

पुढचे काही आठवडे त्यांच्या पायाला भिंगरी होती. सकाळी सायकल काढायची, गांधीनगरपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा काढायची. पलंग दिवसासुद्धा फिरायला लागला. पोरांना बोलावून त्यांनी सांगून बघितलं की म्हातारीला त्रास देऊ नका, घरात काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. पोरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, नियम म्हंजे नियम. तुम्हीच म्हणालता की." आक्काच्या घरात संध्याकाळी नुसता बल्ब लागायचा. ती गुरुजींकडे बघायची नाही आणि गुरुजी तिच्या दारावरून जाताना सायकलचा वेग वाढवायचे.

आणि मला आणखी एक जाणवलं. गुरुजी पंचशील द्यायचे, म्हणजे एकेक शील ते म्हणायचे आणि लोक मागून म्हणायचे. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. पण त्या उन्हाळ्यातल्या लग्नांत चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते भराभर म्हणून टाकायला लागले. लोकांची जीभ अडखळायची. बाकीची चार होती तशीच, संथ.

बुद्धपौर्णिमा आली. विहार भरला होता, माणसं बाहेर पायऱ्यांपर्यंत. मी आणि काकी पुढे उजव्या बाजूला. आक्का अगदी मागे, दाराला टेकून बसलेली, हात मोकळे. दर वर्षी ती काही ना काही घेऊन यायची. मंडळाची पोरं पांढरे कपडे घालून व्यवस्था बघत होती. मूर्तीपुढे मेणबत्त्यांची रांग होती आणि धुराची एक रेघ नव्हती.

गुरुजींनी त्रिसरण म्हटलं. आवाज लागला होता. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला त्यांनी तोंड उघडलं आणि ते थांबले.

लोक वाट बघत राहिले. काकींनी माझं मनगट आवळलं. गुरुजींची छाती वरखाली होताना आम्हाला दिसत होती. आम्हा दोघींना एकच वाटलं, दम्याचा अटॅक आला. मी पर्स उघडली आणि माझा निळा पंप हातात घेऊन अर्धवट उठले. गुरुजींनी मला हाताने थांबवलं. मग त्यांनी स्वतःच्या खिशातली डबी काढली, पंप काढला, सगळ्या विहारासमोर हलवला आणि ओढला. श्वास धरून उभे राहिले. तो श्वास सोडून ते बोलले तेव्हा ती सभेतली भाषा नव्हती.

"मला दमा हाय. बारक्यापणापासनं हाय. धूर माझ्या छातीला चालत न्हाय. धम्मात तसं काय न्हाय. उदबत्ती लावली म्हणून कुणाचं पुण्य जळत न्हाय. आक्का, तुमच्या पोराला काय बी तरास झाला न्हाय. मी खोटं सांगिटलं." पुढे त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण ते खाली बघायला लागले.

मंडळाची पोरं एकमेकांची तोंडं बघत होती, त्यातल्या एकाचं तोंड लालबुंद झालं होतं. मला भीती वाटली की आता लोक उठून जातील. आयुष्यभर ज्याला हा माणूस घाबरला ते आता इथेच, सगळ्यांच्या देखत होणार. मी अजून अर्धवट उभीच होते, हातात पंप धरून.

मागून आक्काचा आवाज आला. आता तो तिचा नेहमीचा आवाज होता, बाजारातला.

"आनि त्या पोरीला बी हाय व्हय?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "व्हय."

"एका घरात दोन दमं आनि गल्लीला पत्त्या न्हाय," आक्का म्हणाली. ती उठली आणि माणसांमधून वाट काढत पुढे आली. गुरुजींच्या समोर उभी राहिली. गुरुजी मान वर करेनात. मला वाटलं ही आता त्यांना काय काय सुनावणार, आणि सुनावायचा तिला हक्क होता. तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, भाजी घेताना बघावं तसं.

"किती लांब लावली म्हंजी चालंल?" तिने विचारलं.

गुरुजींना प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, तुमच्या घरात कुठंबी लावा आक्का, हितं तेवढी दाराच्या भायेर.

"बरं," आक्का म्हणाली आणि तिथेच, त्यांच्या पायाशी, पुढच्या रांगेत जागा करून बसली. हात जोडले. "म्हणा आता फुडचं. लोकं खोळंबल्यात."

गुरुजींनी चौथं शील म्हटलं. सावकाश म्हटलं, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून म्हणालो.